पाण्याचा दिवस, चालायचा दिवस

वाचकाचं पत्र:

ताई, माझं वय ४६. एका पतसंस्थेत कारकून आहे, साडेदहा ते सहा खुर्चीत. दिवाळीनंतर रक्त तपासलं तर एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ६.१ निघालं. डॉक्टर म्हणाले, मधुमेह अजून नाही पण उंबरठ्यावर आहात, रोज चाला. आईला मधुमेह होता, तिचे शेवटचे दिवस मी पाहिलेत, म्हणून फार घाबरले. दुसऱ्याच दिवसापासून पहाटे साडेपाचला उठून तासभर चालायचं ठरवलं. बारा दिवस टिकलं. त्याआधी जिमचे वर्षाचे आठ हजार भरले होते, तिथे १९ दिवस गेले. त्याआधी योगासनांचा वर्ग, तोही सुटला. वजन एक किलोही उतरलं नाही. आमच्याकडे दिवसाआड पाणी येतं, तेही पहाटे साडेपाच ते सव्वासहा, ते मीच भरते. सासूबाई ७४ वर्षांच्या. त्यांनी अकरा वर्षं आळंदी ते पंढरपूर पायी वारी केली, पण मी फिरायला निघाले की म्हणतात, घरात कामं काय कमी आहेत? २१ दिवस केलं की सवय लागते असं सगळे सांगतात. माझे २१ दिवस एकदाही पूर्ण झाले नाहीत. नवरा म्हणतो, तू आरंभशूर आहेस. आता मलाही तेच वाटायला लागलंय. माझ्यात शिस्तच नाही का?

– एक भगिनी, सोलापूर जिल्हा

उत्तर:

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना दोन वाक्यांखाली पेन्सिलीने रेघ ओढली. एक, रोज पहाटे साडेपाचला चालायला जायचं ठरवलं. दोन, दिवसाआड पहाटे साडेपाचला पाणी येतं. ही दोन वाक्यं एका घरात नांदूच शकत नाहीत. तुम्ही ठरवलंत त्याच दिवशी महिन्यातले पंधरा दिवस बाद झाले होते. तरी तुम्ही बारा दिवस ओढून नेलंत. पाण्याच्या दिवशी बहुतेक साडेचारला उठला असाल, किंवा पाणी भरून धावतपळत निघून पोळ्यांना उशीर झाला असेल. तेराव्या दिवशी शरीराने नकार दिला, आणि तुम्ही त्याला बेशिस्त म्हणालात.

आता मला एक सांगा. गेल्या वर्षभरात पाणी भरायचं किती वेळा चुकलं? ताप असतानाही उठला असाल. लग्नघरातून रात्री उशिरा आलात तरी गजर लावून उठला असाल. ज्या बाईचं पिंप कधी रिकामं राहिलं नाही, तिच्यात शिस्त नाही हे मी मान्य करणार नाही. पाण्याला तुमच्या घरात वेळ आहे, जागा आहे, आणि ते भरायलाच हवं यावर घरातल्या सगळ्यांचं एकमत आहे. तुमच्या चालण्याच्या वाट्याला यातलं काहीच आलेलं नाही. ते मिळवून द्यायचं आहे. शिस्त वाढवायच्या भानगडीत पडू नका, ती भरपूर आहे.

मी २२ वर्षं फिजिओथेरपी करते. व्यायाम सोडलेली माणसं हेच माझं रोजचं काम. त्यातली बहुतेक तुमच्यासारखीच मान खाली घालून येतात. म्हणून हा आकडा सांगते. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी जगभरच्या पाहण्या एकत्र करून जो हिशेब मांडला, त्यात भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत असं दिसलं. पुरुषांमध्ये हे प्रमाण ४२ टक्के आणि बायकांमध्ये ५७ टक्के. २००० साली एकूण प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होतं. एवढ्या वर्षांत देशातल्या बायका एकाएकी आळशी झाल्या का? कामं बसून करायची झाली, रस्त्यावर चालायला जागा उरली नाही, आणि दिवसातला मोकळा वेळ कुणाच्या वाट्याला किती येतो हे तुम्हाला मी सांगायला नको. नवऱ्याने तुम्हाला आरंभशूर म्हणण्याआधी एक आठवडा पाणी त्याने भरून बघावं. हे मी रागाने म्हणत नाही. हा उपचाराचाच भाग आहे, आणि पुढे त्याचं कामही सांगणार आहे.

जिमचे आठ हजार मनातून काढून टाका. अमेरिकेतल्या काही जिमच्या नोंदी तपासल्या गेल्या तेव्हा दिसलं की महिन्याला ७० डॉलरहून जास्त भरणारे लोक महिन्यातून सरासरी चारेक वेळाच येत होते. दर खेपेचे सुटे पैसे भरले असते तरी त्यांना स्वस्त पडलं असतं. पैसे भरले की पाय आपोआप वळतील, हा समज तिकडेही तितकाच पक्का आहे आणि तितकाच फसवा.

मग ते २१ दिवस. या आकड्याने लोकांचं फार नुकसान केलंय, म्हणून जरा थांबून सांगते. साठेक वर्षांपूर्वी एका प्लास्टिक सर्जनने नोंद केली होती की शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान तीन आठवडे लागतात. त्यातला ‘निदान’ गळून पडला, चेहराही गळून पडला, आणि कोणतीही सवय २१ दिवसांत लागते असं होऊन बसलं. लंडनमध्ये ९६ जणांवर याचा नीट अभ्यास झाला. प्रत्येकाने रोज करायची एक नवी गोष्ट निवडली. कुणी जेवताना पेलाभर पाणी प्यायचं ठरवलं, कुणी काही व्यायाम करायचा. ती गोष्ट आपसूक व्हायला सरासरी ६६ दिवस लागले. पण कुणाला १८ पुरले, आणि कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. व्यायामाला पाणी पिण्यापेक्षा जास्त वेळ लागला, हे वेगळं सांगायला नकोच. या अभ्यासातली तुमच्या कामाची गोष्ट पुढे आहे. मधे एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. आकडा पुन्हा एकपासून मोजायची गरज नव्हती. तुम्ही मात्र दर वेळी एकपासून मोजलंत, आणि मोजणी बिघडली म्हणून सगळंच सोडलंत.

म्हणजे एक दिवस चुकलेला चालतो. किती दिवस चालत नाहीत, याचं उत्तर तुमच्या स्नायूंकडे आहे. आपण चालतो तेव्हा मांड्या आणि पोटऱ्या आकसतात आणि सुटतात. आकसणारा स्नायू रक्तातली साखर आत ओढून घेतो, आणि त्यासाठी त्याला इन्शुलिनच्या परवानगीची गरज लागत नाही. चालणं थांबल्यावरही पुढचा एक दिवस, कधी दोन दिवस, ते स्नायू इन्शुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देतात. मग हा परिणाम ओसरतो. म्हणून मधुमेहाचे तज्ज्ञ सांगतात की लागोपाठ दोनाहून जास्त दिवस कोरडे जाऊ देऊ नका. तुमच्यासाठी एवढा एकच नियम ठेवा. एक दिवस गेला, हरकत नाही. दोन गेले, तरी रडायचं नाही. तिसऱ्या दिवशी मात्र काहीतरी करायचंच, मग ती दहा मिनिटं का असेनात.

आणि बघा, तुमचं पाणी दिवसाआडच येतं. नगरपालिकेने तुम्हाला वेळापत्रक आखूनच दिलंय.

पाणी नसेल त्या पहाटे चाला. साडेपाचला नको, थंडीत तेव्हा अंधार असतो आणि गल्लीतल्या कुत्र्यांचा त्रास वेगळाच. सहाला निघा, साडेसहाला परत. तासभर नको, तीस मिनिटं पुरे. चाल अशी ठेवा की सोबतच्या बाईशी बोलता यावं, पण अभंग गायला घेतला तर दम लागावा. एवढ्या वेगाचं चालणं आठवड्याला निदान १५० मिनिटं व्हावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुमची सकाळची साधारण शंभर होतील. उरलेली कुठून आणायची ते पुढे येतं.

पाण्याच्या दिवशी तुम्ही त्या पाऊण तासात काय करता? नळी एका पिंपातून काढून दुसऱ्यात टाकता, आणि मधली सात-आठ मिनिटं पाणी वर चढताना बघत उभ्या राहता. ही मिनिटं मला द्या. डॉक्टरांनी चाला म्हटलं ते बरोबरच आहे, पण नुसतं चालणं पुरत नाही. स्नायूंना जोर लावायचा व्यायाम आठवड्यातून दोन दिवस तरी हवा. चाळिशी उलटलेल्या बाईला तर हवाच. पाळी जायच्या सुमारास हाडं झपाट्याने विरळ होऊ लागतात, स्नायूही झिजत असतात. साखर साठवायचं आपलं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे हे स्नायूच. कोठार लहान झालं तर धान्य उघड्यावर पडणारच.

हात नसलेली भक्कम लाकडी खुर्ची घ्या, घडीची किंवा प्लास्टिकची नको. पाठ भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे मागे सरकणार नाही. नळाजवळची ओली फरशी टाळा, कोरड्या जागी ठेवा. साडी किंवा गाऊन पायात येत असेल तर आधी खोचून घ्या. आता खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसा. दोन पावलांत खांद्याइतकं अंतर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे, दोन्ही हात छातीशी. पुढे इतकं झुका की नाक पायाच्या बोटांच्या वर येईल, आणि टाचांवर भार देत उठा. उठताना श्वास सोडा. उठणं झालं की बसणं, आणि खरी मेहनत बसण्यात आहे. मनात एक, दोन, तीन, चार मोजत खाली या. शेवटच्या चार बोटांच्या अंतरात शरीर धपकन सोडून द्यायचा मोह होतो, तिथेच धरा. गुडघे एकमेकांकडे वळू देऊ नका. असं आठ वेळा. तोवर एक पिंप भरलं असेल. नळी बदला, पुन्हा आठ वेळा. मग ओट्याच्या कडेला तळहात टेकवून दोन पावलं मागे सरका, आणि अंग सरळ ठेवून छाती ओट्याकडे नेत आठ वेळा दाब द्या. शेवटी ओटा धरून पंधरा वेळा टाचा वर-खाली. संपलं. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतील. ते दुखणं दोन दिवसांत जातं, घाबरू नका. सांध्यात कळ आली तर मात्र थांबा.

घरकाम म्हणजे व्यायामच, असं तुम्हाला कुणीतरी ऐकवलं असेलच. फरशी पुसणं, अंगण झाडणं, वजन उचलून जिना चढणं यात दम लागतो, तेवढं जरूर धरा. पण ओट्यापाशी तासन्‌तास उभं राहिल्याने कंबर दुखते, हृदयाला काही मिळत नाही. थकवा आला म्हणजे व्यायाम झाला, असं नसतं.

आता सासूबाई. पत्रातली माझी सगळ्यात आवडती ओळ त्यांच्याबद्दलची आहे. अकरा वर्षं आळंदी ते पंढरपूर, सुमारे अडीचशे किलोमीटर, तेही पायी. तुम्ही व्यायामाचा नेम कसा टिकवायचा हे पत्र लिहून मला विचारताय, आणि ज्यांना ठाऊक आहे त्या शेजारच्या खोलीत बसल्यात!

दिंडीत काय असतं ते आठवा. पालखी तुमच्याच जिल्ह्यातून जाते, तुम्ही लहानपणापासून बघितलं असेल. आज चालावं की नाही, हा प्रश्न तिथे सकाळी उठून कुणी स्वतःला विचारत नाही. निघायची वेळ ठरलेली, मुक्काम ठरलेला, रांगेतली जागा ठरलेली, पुढे-मागे माणसं ठरलेली. पायाला फोड आला तर फडकं बांधून चालतात, अगदीच चालवेना तर ट्रकमध्ये बसतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत येतात. एक टप्पा ट्रकमधून गेला म्हणून कुणी आळंदीला परत जाऊन पहिल्यापासून सुरुवात करत नाही. पंच्याहत्तरीच्या आजी हे करतात, ते पायात फार बळ असतं म्हणून नव्हे. सगळं आधी ठरलेलं असतं आणि एकटं कुणीच नसतं.

तुम्हाला ही दिंडी घरात उभी करायची आहे, दोघींची. रात्री जेवण झालं की सासूबाईंना म्हणा, “चला, मारुतीपर्यंत जाऊन येऊ.” मारुती नसेल तर जे देऊळ जवळ असेल ते. शतपावली हा शब्द त्यांचाच आहे, त्याला त्या नाही म्हणणार नाहीत. त्यांचे गुडघे दुखत असतील तर त्यांच्या चालीने जा, त्यांना पारावर बसवा, आणि तेवढ्यात तुम्ही देवळाभोवती किंवा त्या गल्लीत भरभर दहा-पंधरा मिनिटं फेऱ्या मारा. वरची ५० मिनिटं इथून निघतील. सकाळी घरातून ‘सटकणारी सून’ त्यांना खटकते. रात्री आपल्याला देवळात नेणारी सून खटकणार नाही, आणि महिन्याभरात सकाळच्या चालण्याबद्दलची कुरकुरही कमी होईल, असा माझा अनुभव आहे.

जेवणानंतरच्या चालण्याला विज्ञानाचाही आधार आहे. २०१३ साली साठी उलटलेल्या, साखर वाढलेल्या लोकांवर एक छोटा अभ्यास झाला. प्रत्येक जेवणानंतर १५ मिनिटं चालल्यावर दिवसभराची साखर सकाळी सलग ४५ मिनिटं चालल्याइतकीच सुधारली, आणि रात्रीच्या जेवणानंतर चढणारी साखर आटोक्यात ठेवायला जेवणानंतरचं चालणंच सरस ठरलं. अभ्यासात दहाच माणसं होती, पण पुढच्या कामातूनही दिशा तीच दिसली आहे.

ही आखणी मनात ठेवू नका, लिहा. ब्रिटनमध्ये २४८ विद्यार्थ्यांचे तीन गट केले होते. एका गटाला नुसती नोंद ठेवायला सांगितली, दुसऱ्याला हृदयविकाराची माहिती देऊन व्यायामाचं महत्त्व पटवलं, तिसऱ्याला ती माहिती दिली आणि शिवाय कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार हे लिहायला लावलं. पुढच्या आठवड्यात पहिल्या दोन गटांतल्या ३५ ते ३८ टक्के मुलांनी व्यायाम केला, आणि तिसऱ्यातल्या ९१ टक्के. नुसतं महत्त्व पटवून काहीच साधलं नाही. तुम्हालाही महत्त्व पटलेलंच आहे, आईच्या आजारपणाने ते कायमचं पटवलंय. पाण्याच्या दिवसांवर खूण केलेली दिनदर्शिका स्वयंपाकघरात असेल, तिच्यावरच लिहा. या खुणेला खुर्ची, त्या खुणेला चालणं, रोज रात्री मारुती. ज्या सकाळी चालायचं, त्याच्या आदल्या रात्री बूट दाराशी काढून ठेवा. चपलेवर भरभर चालू नका, टाच धरते. आणि नवऱ्याचं काम हे: त्या सकाळी दूध तापवणं आणि चहा त्याने करायचा. त्याच्या नावाने लिहून ठेवा.

वजनकाटा तीन महिने कपाटात ठेवा. चालून वजन फार हळू उतरतं, आणि तीन आठवड्यांत काटा हलला नाही म्हणून व्यायाम सोडलेल्या माणसांची गणती करणं अवघड आहे. तुमच्या दुखण्याला वजनाआधीच फायदा होतो. चेन्नईत तुमच्यासारख्याच उंबरठ्यावरच्या ५३१ लोकांचा तीन वर्षं पाठपुरावा झाला, २००६ साली त्याचे निष्कर्ष आले. नेहमीसारखं राहिलेल्यांपैकी ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. रोजचं भरभर चालणं आणि खाण्यात बदल ज्यांनी केले, त्यांच्यात ३९ टक्के. त्यांचं वजन फारसं घटलेलं नव्हतं, तरी हा फरक पडला. एचबीए१सी मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी सांगतं, म्हणून सुरुवात केल्यावर तीन महिन्यांनी तपासा, आधी नको. तोपर्यंत मोजायचंच असेल तर मोजमाप दुसरं घ्या. पतसंस्थेचा जिना चढून गेल्यावर लगेच बोलता येतं का, मांडी घालून बसल्यावर हात न टेकता उठता येतं का.

माझंही सांगते. २०१६ साली मला चिकुनगुनिया झाला. सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की घोटे पेटायचे. रोज लोकांना व्यायाम शिकवणाऱ्या मला पाच महिने काही करता आलं नाही. बरं वाटल्यावर पहिल्या दिवशी कोपऱ्यावरच्या रिक्षा थांब्यापर्यंत जाऊन आले, जाऊन-येऊन सात मिनिटं. पूर्वीच्या माझ्या पाऊण तासाशी त्याची तुलना केली असती तर दुसऱ्या दिवशी गेलेच नसते. शेजारच्या काकू फाटकाशी उभ्या असायच्या, म्हणून गेले. पुन्हा पाऊण तासावर यायला मला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत नऊ-दहा वेळा खंड पडला असेल.

चालताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, चक्कर असं काही जाणवलं तर तिथेच थांबा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा. रक्तदाब एकदा तपासून घ्या. एप्रिल-मे महिन्यात तुमच्याकडचं ऊन मला माहीत आहे, तेव्हा सकाळचं अर्धा तास अलीकडे ओढा, आणि पावसात देवळाऐवजी घरातल्या घरात दोघी येरझारा घाला.

येत्या सोमवारची वाट बघू नका, पाडव्याचीही नको. आज रात्री जेवणं झाली की सासूबाईंना चपला काढून द्या. वाटेत त्यांना विचारा, पहिल्या वारीत दिवेघाट चढताना काय झालं होतं. देऊळ येईपर्यंत त्यांचं सांगून संपणार नाही.